पात्रप्रवेश : तंजावरची रंगपरंपरा आणि शेक्सपिअरचा मराठी वेष

१

शेक्सपिअरच्या मराठी अवतारांचा विचार आजवर बहुधा भाषेच्या अंगाने झालेला आहे. कोणते नाटक कोणी व कोणत्या साली मराठीत आणले, ते भाषांतर मानावयाचे की रूपांतर, मूळ निर्यमक पद्य गद्यात उतरविताना काय गळाले आणि काय नव्याने आले, या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. ती आवश्यकही होती. परंतु नाटक प्रेक्षकांपुढे येते तेव्हा त्यातील पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच एक भाषांतर होऊन गेलेले असते. पात्र रंगभूमीवर पाऊल टाकते. त्याच्या डोक्यावर पगडी आहे की पिसाची टोपी, अंगात अंगरखा आहे की मखमली झगा, ते ताठ मानेने येते की लवून, हे प्रेक्षक आधी पाहतो व मग ऐकतो. डेन्मार्कचा राजपुत्र मराठी बोलतो याचे प्रेक्षकाला नवल वाटत नाही, कारण नाटकाची अट म्हणून ते त्याने पत्करलेले असते. पण तो राजपुत्र कोणत्या वेषात आला आहे, यावरून हे दुःख कोणाचे आणि कोणत्या घरातले, हे तो मनाशी ठरवून टाकतो. भाषांतर व रूपांतर हा भेद समीक्षक संहितेवरून करतो; प्रेक्षक तो वेषावरून करतो.

वेष आणि अभिनय यांना संहितेचे अलंकार मानण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. तिच्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी रूपांतरांवर थोडा अन्यायच झाला. शेक्सपिअरला एतद्देशीय पोशाख चढविला म्हणजे त्याचे मोठेपण उणे केले, आणि विलायती पोशाखात उभा केला म्हणजे त्याच्याशी इमान राखले, असा एक समज त्यामागे असतो. हा समज कितपत टिकतो हे पाहण्यासाठी मराठी नाटकाच्या इतिहासात थोडे मागे, आणि भूगोलात बरेच दक्षिणेस, म्हणजे कावेरीच्या काठी तंजावरास जावे लागते. तंजावरचा शेक्सपिअरशी काय संबंध, असे वाचकाला वाटेल. तो संबंध दुहेरी आहे. पात्र रंगभूमीवर कसे आणावे याचे एक पूर्ण शास्त्र मराठी राजवटीत तेथे नांदत होते. आणि शेक्सपिअरच्या एका मराठी नाटकाचा ज्या प्रयोगाविषयी इंग्रजीत सविस्तर लिहिले गेले, त्या प्रयोगाचे निमित्तही तंजावरच्याच एका कन्येने पुरविले होते.

२

तंजावरावर भोसले घराण्याची सत्ता १६७६ च्या सुमारास आली व १८५५ साली औरस पुत्राच्या अभावी इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले. या काळातील शाहाजी राजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) हे व्यंकोजींचे पुत्र, म्हणजे शिवछत्रपतींचे पुतणे. त्यांनी तेलुगू व मराठी या दोन्ही भाषांत नाटके रचली. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांपैकी एक मराठी नाटक. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस १८४३ साली झाले. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही निर्मिती आहे. सरस्वतीमहाल ग्रंथालयातील हस्तलिखितांनी मराठी नाटकाची जन्मतारीख मागे नेली, एवढ्यापुरतीच या नाटकांची आठवण आपल्याकडे काढली जाते. त्यांच्या रचनेकडे मात्र आपण पुरेसे पाहिलेले नाही.

ही रचना दक्षिणेतील यक्षगानाच्या कुळातली आहे. नायक राजांच्या काळात तेलुगू यक्षगान तंजावरच्या दरबारात बहरले होते, आणि मराठा राजांनी तो वारसा निःसंकोच उचलला. तिच्यात पात्राच्या प्रवेशाला असाधारण महत्त्व आहे. तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी नृसिंहजयंतीच्या निमित्ताने होणाऱ्या भागवत मेळ्यात ही पद्धत आजही पाहावयास मिळते. मराठा राजवटीच्या उत्तरकाळातील वेंकटराम शास्त्री यांची तेलुगू नाटके तेथे होतात. सर्व भूमिका पुरुषच करतात. प्रथम टोकदार टोपी घातलेला कोणंगी येऊन जातो. मग गजमुखाचा मुखवटा ल्यालेला एक लहान मुलगा गणपती म्हणून येतो. त्यानंतर एकेक मुख्य पात्र येते, ते धरलेल्या पडद्यामागून. पडद्यापुढे पात्र येत असता गायक ‘पात्रप्रवेश दरू’ म्हणतात, म्हणजे ते पात्र कोण, त्याचे रूप कसे, त्याने काय धारण केले आहे व ते कशा डौलाने येत आहे, याचे वर्णन करणारे गीत. नट त्या गीतावर नाचत पुढे येतो आणि वर्णनाशी एकरूप होतो. ‘प्रल्हादचरित्रा’तील नृसिंहाचा मुखवटा तर पूजेतला असतो, आणि तो धारण करणारा नट उपोषण करून रंगभूमीवर येतो.

या पद्धतीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. येथे वेष हा पात्राचा परिचय आहे, आणि तो परिचय प्रेक्षकांच्या देखत, गाण्याच्या साक्षीने होतो. नट पात्र ‘बनून’ आलेला नसतो. तो सर्वांसमक्ष पात्र होतो. म्हणून अमुक राजा अमुक शतकात प्रत्यक्षात काय नेसत असे, हा प्रश्न या रंगभूमीला पडत नाही. वेषाने ओळख पटली पाहिजे आणि नटाच्या अंगाला त्या वेषाने एक चाल दिली पाहिजे, एवढीच तिची मागणी.

अशी रंगभूमी परका विषयही किती सहज आत घेते याचे उदाहरण दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) घालून दिले. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा पाश्चात्त्य विद्येचा मोठा रसिक होता. त्याने मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळ प्रकार. टोपली, मण्यांच्या माळा व हातातली काठी घेऊन येणारी, हात पाहून भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री त्याच्या केंद्रस्थानी असते. सरफोजींची कुरवंजी भविष्याच्या जोडीला जगाचा भूगोल सांगते. युरोपातून आलेली विद्या, मराठी भाषा आणि तमिळ पात्राचा वेष, अशी ही तिहेरी गुंफण आहे. त्या विद्येला विलायती झगा घालून आणावे असे सरफोजींना वाटले नाही. देशोदेशी हिंडणारी बाई देशोदेशींचे वर्तमान सांगेल, यात प्रेक्षकांना विसंगत काय वाटणार? परक्या आशयाला ज्याच्या तोंडी तो शोभेल असा देशी वेष शोधून देणे, हेच रूपांतराचे मर्म आहे. आणि ते शेक्सपिअर मराठीत येण्याच्या कितीतरी आधी तंजावरात उमगलेले होते.

३

६ जानेवारी १८८० रोजी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. बडोद्यास त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तकी व वादकांचे पथक बडोद्यास आले, आणि दक्षिणेच्या नृत्याचा गुजरातेत प्रवेश झाला. याच विवाहसोहळ्याच्या काळात इचलकरंजीकर नाटक मंडळीने बडोद्यास ‘तारा’ या नाटकाचा प्रयोग केला. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी १८७९ साली केलेले ते शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलिन’चे रूपांतर. बडोद्याच्या महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक हॅरोल्ड लिटलडेल यांनी तो प्रयोग पाहिला व त्याचा वृत्तांत त्याच वर्षी ‘मॅकमिलन्स मॅगझिन’ या विलायती मासिकात छापला.

प्रयोगाचा आरंभ त्या काळच्या प्रथेप्रमाणे सूत्रधार, विदूषक, गणपती व सरस्वती यांच्या प्रवेशांनी होई. मेलट्टूरचा गजमुख बालक आणि बडोद्याचा गणपती यांचे नाते योगायोगाचे नाही. भावे यांना प्रेरणा मिळाली ती सांगलीस आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांवरून. भाव्यांनी तंजावर पाहिले होते असे कोणी म्हणणार नाही. पण तंजावर व सांगली या एकाच यक्षगानवृक्षाच्या दोन फांद्या आहेत. शेक्सपिअरची इमोजेन बडोद्यास तारा होऊन आली ती या वृक्षाच्या छायेतून आली.

आता ‘सिम्बेलिन’ची निवड पाहा. शेक्सपिअरच्या नाटकांत वस्त्राभरणांवर इतके कथानक लोंबणारे दुसरे नाटक क्वचितच सापडेल. पोस्ट्युमस पत्नीच्या हातात कंकण घालतो; कपटी इयाकिमो पेटाऱ्यात लपून तिच्या शयनगृहात शिरतो, ते कंकण चोरतो आणि तिच्या शीलभंगाचा पुरावा म्हणून दाखवितो. पतीच्या जुन्यातल्या जुन्या वस्त्राचीही सर तुला नाही, या इमोजेनच्या बोलण्याने डिवचलेला क्लोटन सूड म्हणून पोस्ट्युमसचेच कपडे घालून निघतो व मारला जातो. पुरुषवेषात रानोमाळ फिरणारी इमोजेन त्या शिरविहीन धडाशेजारी जागी होते आणि केवळ कपड्यांवरून ते धड पतीचे समजून आक्रोश करते.

हे सारे मराठी वेषात आले की प्रत्येक दुव्याचा भार बदलतो. प्रियकराने दिलेले कंकण इंग्रजीत प्रीतीचे बंधन असते. आपल्याकडे हातातले कंकण सौभाग्याच्या वस्तूंत मोडते. ते हातातून जाणे म्हणजे नुसता पुरावा हरवणे नव्हे, त्यात अशुभाची चाहूल आहे. मुंडके नसलेल्या धडाचा प्रसंग तर अधिकच विचार करावयास लावतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात माणसाची जात, प्रांत व दर्जा सांगणारी वस्तू म्हणजे त्याचे शिरोभूषण. पगडी, पागोटे, रुमाल, फेटा यांवरून माणूस ओळखला जाई. येथे शिरच नाही. म्हणजे जी ओळख एरवी डोक्यावर वाहिली जाते, ती सगळी अंगावरच्या वस्त्रांत आणून ठेवणे मराठी प्रयोगाला भाग होते. असे प्रश्न भाषांतरकाराच्या मेजावर सुटत नाहीत. ते वेषाच्या पेटीपाशी सुटतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अभिनयाची आहे. ‘तारा’तील नायिका पुरुष नट करीत असे. त्यामुळे जेव्हा तारा पुरुषवेष घेई, तेव्हा स्त्रीचा वेष केलेला पुरुष पुन्हा पुरुषाचा वेष करी, आणि तरीही प्रेक्षकांना त्या वेषाआड स्त्रीच दिसावी हे त्याला अभिनयाने साधावे लागे. शेक्सपिअरने हे प्रसंग लिहिले ते नेमक्या याच कसबासाठी. त्याच्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करीत. १६६० नंतर इंग्रजी रंगभूमीवर नटी आल्या आणि हा दुहेरी वेषपालट तेथून नाहीसा झाला. १८८० साली लंडनच्या प्रेक्षकाला जी गोष्ट पाहावयास मिळत नव्हती, ती बडोद्याच्या प्रेक्षकाने पाहिली. शेक्सपिअरपासून दूर गेल्याचा ठपका ज्या रूपांतरावर सहज ठेवता येईल, ते या बाबतीत त्याच्या रंगभूमीच्या अधिक जवळ होते.

वेषाच्या बाबतीतही तेच. शेक्सपिअरचे रोमन वीर प्राचीन रोमच्या वेषात संशोधनपूर्वक सजविलेले नसत. ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझर आपला डगला उघडतो, तो एलिझाबेथकालीन डगला आहे. ‘टायटस अँड्रॉनिकस’मधील प्रसंगाचे १५९५ च्या सुमाराचे एक रेखाचित्र उपलब्ध आहे, त्यात एक आकृती रोमन धाटणीच्या वस्त्रात, तर इतर त्या काळच्या इंग्रजी पोशाखात आहेत. प्रेक्षकाला खूण पटावी एवढे परके आणि जवळचे वाटावे एवढे आपले, असा तो मेळ होता. ऐतिहासिक पोशाखाचा काटेकोरपणा इंग्रजी रंगभूमीवर प्रतिष्ठित झाला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, चार्ल्स कीन यांच्यासारख्यांच्या हातून. मूळ शेक्सपिअरची वेषपद्धती म्हणून जी आपल्याकडे आदराने पाहिली गेली, ती पुष्कळ अंशी व्हिक्टोरियन काळाची आवड होती.

४

याचा अर्थ देशी वेष नेहमीच उपकारक ठरला असा नाही. त्याने कोठे अर्थ वाढविला आणि कोठे घटविला, हे दोन प्रसिद्ध नाटकांवरून पाहता येते.

गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’, म्हणजे ‘हॅम्लेट’चे मराठी रूप, १८८३ साली प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी (१८६७ ते १९२२) यांचा चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, पुढे दंतकथेचा विषय झाला. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकाने मराठी मन काबीज केले होते, त्या काळात ही मंडळी गाण्याच्या आधाराविना, केवळ आवाज आणि अंगविक्षेप यांवर शेक्सपिअर पेलीत होती. मूळ नाटकात हॅम्लेट पहिल्यांदा दिसतो तो काळ्या वस्त्रात. दरबार विवाहाच्या आनंदात आणि तो एकटा सुतकात, हे काही न बोलता कळते. आपल्याकडे काळा रंग अमंगळ खरा, पण तो शोकाचा रंग नव्हे. विधवेचे वस्त्र पांढरे अथवा लाल आलवण. तेव्हा काळ्या झग्याने साधणारा परिणाम मराठी नटाला दुसरीकडून मिळवावा लागतो. तो उभा कोठे राहतो, दरबाराकडे पाठ करतो की नाही, पहिले वाक्य किती उशिरा बोलतो, यातून. रंगाने सांगितलेले येथे अभिनयाने सांगावे लागते.

उलट राणीच्या बाबतीत देशी वेष मूळ नाटकाच्याही पुढे जातो. गर्ट्रूडने पतीच्या निधनानंतर अल्पावधीत दिराशी लग्न केले, हे तिच्या विलायती वेषावरून दिसत नाही. ते बोलून दाखवावे लागते. हिंदू राणीच्या वेषात मात्र कपाळीचे कुंकू ही टाळता न येणारी गोष्ट आहे. ती सौभाग्यवतीच्या वेषात मुलासमोर उभी राहिली की तिचा प्रत्येक अलंकार मुलाला टोचतो, आणि प्रेक्षकालाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, तरी १८८३ साली समाजात हा प्रश्न धगधगत होता. आणि आगरकर तर सुधारणेच्या पक्षाचे अग्रणी. विधवेने पुन्हा कुंकू लावावे या मताच्या माणसाने असे नाटक मराठीत आणावे, ज्यात पुन्हा लावलेले कुंकू मुलाच्या संतापाचे कारण होते! या विरोधाचे उत्तर संहितेत शोधून मिळणार नाही. ते राणीची भूमिका करणारा नट देतो. त्याने लाज दाखवली तर नाटक रूढीच्या बाजूला झुकते. त्याने मान ताठ ठेवली तर प्रश्न विवाहाचा न राहता खुनाचा होतो, आणि तो खरे पाहता तसाच आहे.

दुसरे उदाहरण गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘झुंझारराव’चे. ‘ऑथेल्लो’चे महादेवशास्त्री कोल्हटकरकृत भाषांतर १८६७ साली झाले होते, देवलांनी १८९० मध्ये त्याच कथेला पूर्ण मराठी रूप दिले. ऑथेल्लो झुंझारराव झाला, डेस्डिमोना कमळजा आणि इयागो जाधवराव. संवादांच्या ओघात हे नाटक इतके स्वाभाविक आहे की ते परके होते याचाच विसर पडावा. आणि हाच त्याचा तोटा आहे. ‘राव’ या प्रत्ययाबरोबर पगडी येते, अंगरखा येतो, घराणे येते. झुंझारराव व जाधवराव एकाच वेषाचे, एकाच दरबारी शिष्टाचाराचे दोन मानकरी दिसतात. व्हेनिसमध्ये ऑथेल्लो तोंड उघडण्यापूर्वीच परका आहे. त्याच्या प्रत्येक शब्दाच्या मागे त्या परकेपणाची सावली आहे, आणि इयागोचे विष त्याच फटीतून आत शिरते. मराठी वेषात वर्णाचा भेद कोणी सांगितला तरी तो एका समाजातल्या सावळ्या-गोऱ्याचा भेद होतो, परकेपणाचा होत नाही. मग मत्सर हा एका संशयी नवऱ्याचा घरगुती मत्सर उरतो. प्रेक्षक रडतो, पण समाजाने आपल्याला कधीच आपले म्हटले नाही या जाणिवेने पोखरलेला सेनापती त्याला दिसत नाही. एका वेषाने कथा जवळ आणली आणि त्याच वेषाने तिचे हृदय झाकले.

त्या प्रसिद्ध रुमालाची गोष्टही अशीच. इंग्रजीत तो हातात मावणारा, पतीने पत्नीला दिलेला नाजूक कापडाचा तुकडा. त्या काळच्या मराठीत रुमाल हा पुरुषाच्या डोक्यालाही बांधावयाचा. शब्द तोच ठेवला तरी वस्तू बदलते. वस्तू बदलली की नटाचा हात ती धरावयाची रीत बदलतो.

५

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मराठी शेक्सपिअर निराळ्या वाटेला लागला. वि. वा. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’, म्हणजे ‘मॅक्बेथ’, १९५४ साली मुंबई मराठी साहित्य संघाने रंगभूमीवर आणला. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल हे इंग्रज. प्रमुख भूमिकांत नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे. जुन्या गद्य रंगभूमीच्या परंपरेत वाढलेला, शब्द फेकण्यात वाकबगार असा नट आणि चित्रपटाच्या संयत अभिनयाची सवय असलेली नटी एका प्रयोगात आली. राणीच्या भूमिकेत आता प्रत्यक्ष स्त्री होती. बडोद्याच्या ‘तारा’तील दुहेरी वेषाचे कसब येथे संपले आणि स्त्रीच्या आवाजातील सत्य त्याच्या जागी आले. एक गेले आणि एक मिळाले. रंगभूमीच्या इतिहासात निव्वळ लाभ असा क्वचितच असतो.

शिरवाडकरांच्याच ‘नटसम्राटा’ने (१९७०) याहून मोठे पाऊल टाकले. हे लिअरचे भाषांतर नव्हे, पण लिअरची छाया त्यावर स्पष्ट आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी प्रथम साकारलेला गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट. राज्याऐवजी घरदार मुलांना वाटून देऊन निराधार झालेला. त्याचे नाव ऐकताच शाहूनगरवासींच्या गणपतरावांची आठवण होते. या नाटकाची सर्वात धाडसी कल्पना वेषाच्या अभावात आहे. राजवस्त्रे ज्याने आयुष्यभर अंगावर वागविली, तो साध्या घरगुती कपड्यांत उभा राहून शेक्सपिअरच्या नायकांची भाषणे करतो. मुकुट दिसत नाही. फक्त त्या मुकुटाची सवय झालेली मान दिसते. वेष काढून घेतल्यावर जे अंगात उरते तो अभिनय, ही व्याख्या या नाटकाने रंगभूमीवर सिद्ध केली.

याच्या शेजारी तमिळ देशातील एक उदाहरण ठेवले तर विचार अधिक स्पष्ट होतो. सी. एन. अण्णादुरै यांच्या नाटकात १९४५-४६ च्या सुमारास शिवछत्रपतींची भूमिका करून गणेशन या तरुण नटाने अशी छाप पाडली की पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी त्याला ‘शिवाजी’ हे नाव बहाल केले. तंजावर जिल्ह्याशी घरचे नाते असलेल्या या नटाला एका मराठा राजाचा वेष जन्मभराचे नाव देऊन गेला. पुढे ‘रत्त तिलकम्’ (१९६३) या चित्रपटात तो ऑथेल्लो होऊन आला, आणि ‘राजपार्ट रंगदुरै’ (१९७३) मध्ये जुन्या तमिळ नाटक मंडळीतील नटाच्या भूमिकेत त्याने हॅम्लेट केला. ‘राजपार्ट’ म्हणजे राजाची, अर्थात नायकाची भूमिका. नटाचा दर्जाच येथे वेषावरून ठरतो. तमिळ चित्रपटातला रंगदुरै विलायती वेष चढवून शेक्सपिअर करतो तेव्हा तो आपल्या कलेची परीक्षा देतो. मराठी नटसम्राट वेष उतरवून शेक्सपिअर बोलतो तेव्हा तो आपल्या आयुष्याची परीक्षा देतो. तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कृती मोडकळीस आलेल्या एकाच नाट्यसंस्कृतीचा शोक करतात, आणि दोघींनाही त्यासाठी शेक्सपिअरच लागतो.

दक्षिणेच्या रंगपद्धतींनी पुढे आधुनिक प्रयोगांतही शेक्सपिअरला हात घातला. ब. व. कारंतांनी १९७९ साली राष्ट्रीय नाट्यविद्यालयात ‘बरनम वन’ हा हिंदी ‘मॅक्बेथ’ यक्षगानाच्या वळणाने बसविला. १९८९ साली ‘किंग लिअर’ कथकलीत आला. कथकलीत वेषांचे वर्ग ठरलेले आहेत : पच्चा, कत्ती, ताडी, करी, मिनुक्कु. लिअरला यांपैकी कोणत्या वर्गात घालावे? तो धीरोदात्त राजा की अहंकाराने ग्रासलेला? प्रयोगाआधी रंगपटातच या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते दिले की लिअरवरची एक समीक्षा लिहून झालेली असते.

मूळबरहुकूम भाषांतरालाही यातून सुटका नाही. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ १९७४ साली आला. त्या नाटकाच्या अखेरीस मरणोन्मुख राजा गळ्यापाशी घुसमटून आपले बटण सोडावयास सांगतो. वादळात वस्त्रे फाडून माणूस म्हणजे काय हे जाणणारा राजा शेवटी एका बटणासाठी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. मराठी नटाच्या अंगात अंगरखा असेल तर तेथे बटण नसते, बंद असतात. उपरणे असेल तर गाठ असते. बटण निखळते, बंद सुटतो, गाठ उकलते. ही तीन क्रियापदे म्हणजे मरणाच्या तीन छटा आहेत. वेष ठरल्याशिवाय क्रियापद ठरत नाही.

६

तेव्हा देशी की विलायती, हा वाद मुळात चुकीच्या जागी उभा आहे. विचारावयाचा प्रश्न असा की, निवडलेल्या वेषाने नाटकातील कोणता संबंध दिसू लागतो आणि कोणता झाकला जातो. कंकण व कुंकू यांनी मराठी प्रयोगाला जे दिले ते विलायती झग्याला देता आले नसते. ऑथेल्लोचे परकेपण मात्र एकजात मराठी पोशाखाने गिळून टाकले.

या दुसऱ्या अडचणीतून बाहेर पडण्याची वाटही तंजावरातच आहे. शाहाजी राजांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात निरनिराळ्या प्रदेशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी या पाच भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. तेलुगू रंगपरंपरा, तमिळ प्रजा, मराठी राजघराणे आणि संस्कृत विद्या असलेल्या नगरात परका माणूस ही रोजची गोष्ट होती. त्याला आपल्यासारखा करून आत घ्यावे लागत नसे. तो आपल्या वेषात, आपल्या बोलीत येई, त्याचा प्रवेश गाइला जाई, आणि प्रेक्षक त्याला त्याच्या परकेपणासह स्वीकारीत. झुंझाररावाच्या दरबारात एखादाच माणूस असा आला असता, ज्याची पगडी इतरांसारखी नाही आणि ज्याच्या मराठीला दुसऱ्या मुलखाचे वळण आहे, तर देवलांच्या समर्थ गद्यात व्हेनिसची ती भयंकर फट आपोआप उघडली असती. तंजावरची मराठी स्वतःच अशी आहे; तीन शतके तमिळच्या शेजारी राहून तिने निराळा सूर कमावला आहे. महाराष्ट्राच्या रंगभूमीवर ती ऐकू आली तर बहुधा हसण्यासाठीच येते. तिच्यात एका मोठ्या शोकनायकाचा आवाज दडलेला असू शकतो, हे आपल्या लक्षात आलेले नाही.

शेक्सपिअरच्या नव्या मराठी प्रयोगांची सिद्धता करणाऱ्यांनी संहिता हाती घेण्याआधी कावेरीकाठच्या त्या प्रवेशगीताचा विचार करावा. पडदा धरलेला आहे, गायक वर्णन करीत आहेत, नट अजून दिसलेला नाही. आपला हॅम्लेट, आपला ऑथेल्लो, आपली कॉर्डेलिया त्या पडद्यामागून पुढे येईल तेव्हा तिच्या किंवा त्याच्या अंगावर काय आहे, चाल कशी आहे, आणि पाहणाऱ्याला ते माणूस आपले वाटावे की परके, एवढे ज्या दिग्दर्शकाला सांगता येईल, त्याच्या भाषांतरकाराचे अर्धे काम झालेले असेल. ज्याला ते सांगता येणार नाही, त्याच्या नाटकातले शब्द कितीही निर्दोष असले तरी ते कोणाच्या तोंडचे आहेत हे प्रेक्षकाला अखेरपर्यंत कळणार नाही.